झाशी: मुस्लीम निर्वासित, चर्चचे सेवाकार्य आणि धर्मांतराचा संशय

दिल्लीहून मध्य भारत व दक्षिणेकडे जाणाऱ्या अनेक गाड्या झाशीवरून जातात. या स्थानकावर १९ मार्च २०२१ रोजी सायंकाळी उत्कल एक्स्प्रेसमधून चार ख्रिस्ती महिलांना पोलिसांनी उतरवून घेतले. सेक्रेड हार्ट संघाच्या दोन धर्मभगिनी आणि त्यांच्यासमवेत प्रशिक्षण घेणाऱ्या दोन तरुणी दिल्लीहून ओडिशातील राउरकेला येथे निघाल्या होत्या. तरुणींना धर्मांतरासाठी नेले जात आहे, अशी तक्रार गाडीतील अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेच्या कार्यकर्त्यांनी केली होती. दोन्ही तरुणी मूळच्याच ख्रिस्ती असल्याचे कागदपत्रांवरून सिद्ध झाले आणि रात्री उशिरा चौघींना जाऊ देण्यात आले. तक्रारीत तथ्य आढळले नाही, असे रेल्वे पोलिसांनी नंतर स्पष्ट केले. केरळच्या मुख्यमंत्र्यांनी केंद्रीय गृहमंत्र्यांना पत्र लिहिले, गृहमंत्र्यांनी कारवाईचे आश्वासन दिले आणि एप्रिलच्या आरंभी या प्रकरणी दोघांना अटक झाली.

या घटनेत निर्वासित कोणीही नव्हते. तरीही भारतातील ख्रिस्ती संस्था मुस्लीम निर्वासित कुटुंबांसाठी जे काम करतात, ते समजून घेण्यास ही घटना उपयोगी पडते. जन्माने ख्रिस्ती असलेल्या तरुणींनाही आपल्या धर्माचा पुरावा द्यावा लागला. तेव्हा चर्चशी संबंधित संस्थेच्या वर्गात मुलांना धाडणाऱ्या अफगाण वा रोहिंग्या कुटुंबाकडे आणि त्या संस्थेकडे समाज कोणत्या नजरेने पाहत असेल, हा प्रश्न ओघानेच येतो. त्याच महिन्याच्या ६ तारखेला जम्मूमध्ये दीडशेहून अधिक रोहिंग्यांना ताब्यात घेऊन हिरानगर येथील कारागृहात ठेवण्यात आले होते. सेवा करणाऱ्यावर संशय आणि सेवा घेणाऱ्याच्या वास्तव्यावरच प्रश्नचिन्ह, अशा दुहेरी अडचणीत हे काम चालते.

निर्वासित कोण आणि कोठे

संयुक्त राष्ट्रसंघाचा निर्वासितविषयक १९५१ चा करार आणि त्यासंबंधीचा १९६७ चा पूरक मसुदा या दोहोंवर भारताची स्वाक्षरी नाही. निर्वासितांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय कायदाही नाही. तिबेटी व श्रीलंकेतील तमिळ निर्वासितांची व्यवस्था सरकार स्वतः पाहते. अफगाणिस्तान, म्यानमार, सोमालिया आदी देशांतून आलेल्यांची नोंद संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तांचे दिल्लीतील कार्यालय करते व त्यांना ओळखपत्र देते. हे ओळखपत्र म्हणजे व्हिसा नव्हे. पोलीस ठाण्यात त्याचा मान राखला जाईलच, अशी खात्री नसते.

रोहिंग्या हे म्यानमारच्या राखाइन प्रांतातील मुस्लीम. तेथील १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांना नागरिक मानलेले नाही. देशात सुमारे ४० हजार रोहिंग्या असल्याचे केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये संसदेत सांगितले. त्या वेळी उच्चायुक्त कार्यालयाकडे नोंद झालेल्यांची संख्या सुमारे १४ हजार होती. जम्मू, हैदराबाद, दिल्ली आणि हरियाणातील नूह परिसर या त्यांच्या मुख्य वस्त्या. दिल्ली आणि हैदराबाद यांना जोडणारा एक प्रमुख रेल्वेमार्ग झाशीवरूनच जातो, त्यामुळे बुंदेलखंडातील हे जंक्शन त्यांच्या वाटेवरचे आहे. अफगाण कुटुंबे प्रामुख्याने दिल्लीत, लाजपतनगर, भोगल व मालवीयनगर भागांत राहतात. त्यांच्यात शीख व हिंदू आहेत, तसेच हजारा व अन्य मुस्लीम कुटुंबेही आहेत. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल तालिबानच्या हाती पडल्यानंतर परतीची आशा मावळली आणि दिल्लीत शिक्षणासाठी वा उपचारांसाठी आलेले काही जणही येथेच अडकले.

चर्चशी संबंधित संस्थांचे काम

उच्चायुक्त कार्यालय आपली बरीचशी कामे स्थानिक सहकारी संस्थांमार्फत करून घेते. या संस्थांत ख्रिस्ती परंपरेतून उभ्या राहिलेल्या संस्थांचा वाटा जुना आहे. दिल्लीतील वायएमसीए या संस्थेने निर्वासित मुलांच्या शिक्षणसाहाय्याचे काम सांभाळले. डॉन बॉस्को धर्मसंघाशी संलग्न 'बॉस्को' या संस्थेने राजधानीत अनेक वर्षे निर्वासितांसाठी केंद्रे चालवली. कामाचे स्वरूप पाहिले तर त्यात धर्माचा संबंध शोधूनही सापडत नाही. हिंदी व इंग्रजीचे वर्ग, संगणकाचे प्रशिक्षण, शिवणकाम, शाळाप्रवेशासाठी मदत, समुपदेशन आणि तरुणांसाठी खेळ. घरी दारी बोलणाऱ्या मुलाला सरकारी शाळेत हिंदीतून शिकायचे असते. त्याला पहिल्यांदा लागते ती भाषा. आईला दवाखान्यात स्वतःचा आजार सांगता आला पाहिजे. बहुतेक निर्वासितांना कायदेशीर नोकरी मिळत नाही, म्हणून हातचा धंदा शिकावा लागतो.

शाळाप्रवेश हा यातील सर्वांत किचकट भाग. आधारपत्र नाही, जन्मदाखला नाही, भाडेकरार मिळत नाही. अशा मुलाला घेऊन संस्थेचा कार्यकर्ता मुख्याध्यापकांकडे जातो, तेव्हाच पुष्कळदा काम होते. रोहिंग्या मुलांच्या प्रवेशाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मुलांनी आधी सरकारी शाळांकडे अर्ज करावा आणि प्रवेश नाकारल्यास उच्च न्यायालयात दाद मागावी, असे न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितले.

जेझुइट धर्मसंघाचे तत्कालीन प्रमुख पेद्रो आरुपे यांनी नोव्हेंबर १९८० मध्ये स्थापन केलेली 'जेझुइट निर्वासित सेवा' ही संस्थाही दक्षिण आशियात कार्यरत आहे. अफगाणिस्तानात तिचे प्रमुख असलेले तमिळनाडूचे फादर अलेक्सिस प्रेम कुमार यांचे २ जून २०१४ रोजी हेरात प्रांतातून अपहरण झाले. इराण व पाकिस्तानातून परतलेल्या निर्वासितांच्या मुलांच्या शाळेला भेट देऊन ते निघाले होते. आठ महिन्यांहून अधिक काळ बंदिवासात काढल्यावर भारत सरकारच्या प्रयत्नांनी २२ फेब्रुवारी २०१५ रोजी त्यांची सुटका झाली. ज्या मुलांसाठी ते तेथे होते ती सर्व मुस्लीम होती, आणि शाळेत शिकवला जात होता तो देशाचा नेहमीचा अभ्यासक्रम.

मदत आणि धर्मप्रचार यांत अंतर राखण्याचा नियम या संस्थांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. रेडक्रॉस व स्वयंसेवी संस्थांसाठी १९९४ मध्ये तयार झालेल्या आचारसंहितेत, विशिष्ट राजकीय वा धार्मिक मत पुढे रेटण्यासाठी मदतीचा वापर करायचा नाही, असे कलम आहे. ही संहिता पुरस्कृत करणाऱ्यांत कॅथलिक चर्चची 'कारितास', लुथरन जागतिक महासंघ आणि जागतिक चर्च परिषद यांचा समावेश होता. पुढे जून २०११ मध्ये व्हॅटिकन, जागतिक चर्च परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल संघ यांनी संयुक्त मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. लोकांच्या दारिद्र्याचा व गरजेचा धर्मप्रसारासाठी फायदा घेऊ नये, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. इव्हँजेलिकल गट अशा दस्तऐवजात प्रथमच सामील झाले, ही बाब अधिक महत्त्वाची. उघड धर्मप्रसार हे आपले कर्तव्य मानणारे गट प्रामुख्याने त्यांच्यातच आहेत, आणि प्रत्येक लहान स्वतंत्र प्रार्थनामंडळ असे दस्तऐवज वाचून काम करते असे नाही.

संशयाचे मूळ

हा संशय केवळ राजकारणातून आलेला नाही. त्याला इतिहासाचा आधार आहे. झाशीच्या परिसरातच त्याचे उदाहरण आहे. १८९६ साली बुंदेलखंडात दुष्काळ पडला होता. त्याच वर्षी अमेरिकेतील क्वेकर पंथाच्या डेलिया फिस्लर व एस्थर बेअर्ड या महिला नौगाव येथे आल्या आणि त्यांनी दुष्काळात निराधार झालेल्या मुलांसाठी अनाथालय सुरू केले. मुले वाचली. मोठी होऊन त्यांतील अनेक जण ख्रिस्ती झाले आणि तेथील लहानशा मंडळीचा आधार बनले. पोटाला अन्न आणि पुढे धर्म, अशी ही साखळी बाहेरच्या माणसाला सरळ दिसत होती. अन्न देणाऱ्यांचा हेतू तसा होता की नव्हता, हा प्रश्न मागे पडला.

मराठी वाचकांना हा वाद परका नाही. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू केले, पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. धर्मशिक्षण देणार नाही, हे आश्वासन होते. मात्र रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेस काही मुली बसू लागल्या. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली आणि १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. रा. गो. भांडारकर यांच्यासारखे सहानुभूतीदार सल्लागारही दूर झाले. रमाबाईंनी कोणावर सक्ती केली, असे या सल्लागारांचेही म्हणणे नव्हते. दार उघडे ठेवणे हेच आश्वासनाशी विसंगत आहे, असे त्यांना वाटत होते. तीन वर्षांनी मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा याच रमाबाई तेथे गेल्या आणि शेकडो मुलींना केडगावला घेऊन आल्या. त्या मुलींना अन्य कोणी वाली नव्हता, हेही खरे. केडगावची संस्था उघडपणे ख्रिस्ती होती, हेही खरे.

फाळणीच्या वेळी मात्र वेगळे चित्र दिसले. लाहोरमध्ये फॉर्मन ख्रिश्चन महाविद्यालयाच्या आवारात १९४७ साली निर्वासितांसाठी रुग्णालय उघडण्यात आले. पूर्व पंजाबातून रक्तबंबाळ अवस्थेत आलेली मुस्लीम कुटुंबे तेथे उपचार घेत होती. त्याच सुमारास दिल्लीतील मुस्लीम पुराना किल्ला आणि हुमायूनची कबर येथील छावण्यांत आश्रयाला होते. क्वेकर कार्यकर्ते होरेस अलेक्झांडर व रिचर्ड सायमंड्स यांनी दोन्ही पंजाबांतील छावण्यांत फिरून परिस्थितीची पाहणी केली. भारतातील प्रॉटेस्टंट चर्चच्या राष्ट्रीय परिषदेने निर्वासितांसाठी नेमलेल्या मदत समितीतून पुढे 'कासा' ही संस्था उभी राहिली. या परिषदेचे मुख्यालय नागपुरात आहे. दोन्ही बाजूंना मान्य होणारा तिऱ्हाईत म्हणून त्या काळात ख्रिस्ती कार्यकर्त्यांना छावण्यांत प्रवेश मिळत होता.

झाशीतील आजचे ख्रिस्ती जीवन लहान, पण दृश्य आहे. कॅथलिक चर्चने १९४० मध्ये येथे स्वतंत्र धर्मविभाग केला आणि १९५४ मध्ये त्यास धर्मप्रांताचा दर्जा दिला. माल्टाचे कापुचिन बिशप फ्रान्सिस झेवियर फेनेक यांनी उभारलेले संत ज्यूड यांचे मंदिर शहराची ओळख बनले आहे. दरवर्षी २८ ऑक्टोबरच्या उत्सवाला दूरदूरचे भाविक येतात, त्यांत अन्यधर्मीयही असतात. जवळच्या ललितपुरात हॅरिएट बेन्सन स्मृती रुग्णालय आहे. रुग्णालयाच्या रांगेत कोणी कोणाचा धर्म विचारत नाही; तोच रुग्ण वा त्याचे मूल रविवारी प्रार्थनेला बसले तर मात्र प्रश्न उपस्थित होतो.

कायद्याची चौकट

राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. हा हक्क 'व्यक्तीं'ना आहे, केवळ नागरिकांना नव्हे. त्यामुळे निर्वासितही त्यात येतात. तथापि दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात अंतर्भूत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात दिला. हा खटला मध्य प्रदेश व ओडिशाच्या कायद्यांविषयी होता.

झाशी ज्या राज्यात येते त्या उत्तर प्रदेशाचा कायदा अधिक कडक आहे. नोव्हेंबर २०२० चा अध्यादेश व २०२१ चा कायदा यांनुसार धर्म बदलू इच्छिणाऱ्याने ६० दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. धर्मांतर बेकायदा नव्हते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर आहे. 'प्रलोभन' या शब्दाच्या व्याख्येत भेटवस्तू, नोकरी, चांगल्या जीवनमानाचे आमिष यांबरोबरच धार्मिक संस्थेच्या नामांकित शाळेतील मोफत शिक्षणाचाही उल्लेख आहे. निर्वासितांना ज्या गोष्टीची सर्वाधिक निकड असते, नेमकी तीच येथे नमूद आहे. मोफत शिक्षण देणे हा गुन्हा नव्हे. पण त्या कुटुंबातील कोणी उद्या धर्म बदलला, तर तेच शिक्षण पुरावा म्हणून पुढे येऊ शकते.

२०२४ च्या दुरुस्तीने काही गुन्ह्यांसाठी जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद केली, बेकायदा धर्मांतरासाठी परदेशी निधी घेतल्यास सात ते चौदा वर्षे शिक्षा ठरवली आणि कोणत्याही व्यक्तीला तक्रार नोंदवण्याची मुभा दिली. मूळ कायद्यात ही मुभा पीडित व्यक्ती व तिचे नातेवाईक यांच्यापुरती होती. फतेहपूर येथील कथित सामूहिक धर्मांतराविषयीचे गुन्हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये रद्द केले. त्रयस्थाला तक्रारीचा अधिकार नव्हता, हे त्यामागील एक कारण होते. दुरुस्तीनंतर हा बचाव नव्या प्रकरणांत उपलब्ध राहिलेला नाही.

निधीची अडचण वेगळी. परकीय देणग्यांविषयीच्या कायद्यात २०२० साली बदल झाला. मोठ्या संस्थेने आपल्याला मिळालेली परदेशी देणगी लहान संस्थेकडे वळवण्यास त्यामुळे बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. झाशीसारख्या शहरातील लहान संस्था दिल्लीतील मोठ्या संस्थांच्या अशाच निधीवर चालत असत.

निर्वासिताच्या बाजूने पाहिले तर चौकट आणखी अरुंद आहे. समानतेचा व जीविताचा हक्क परदेशी व्यक्तीलाही आहे, परंतु परत न पाठवले जाण्याचा हक्क हा भारतात राहण्याच्या नागरिकांच्या हक्काशी जोडलेला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिल २०२१ रोजी जम्मूतील रोहिंग्यांच्या प्रकरणात म्हटले. विहित कार्यपद्धती पाळल्याशिवाय परत पाठवू नये, असेही सांगितले. १९४६ चा परदेशी नागरिक कायदा जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून नवा आप्रवासन व परदेशी नागरिक कायदा लागू झाला आहे. पोलीस प्रकरण झाल्यास संस्था वकील उभा करू शकते. निर्वासित कुटुंबाला मात्र त्यातून थेट स्थानबद्धता केंद्राची वाट धरावी लागू शकते. म्हणूनच मदत आणि प्रार्थना यांची केंद्रे वेगळी ठेवणे हा केवळ शिष्टाचार उरत नाही. त्यात चूक झाली तर तिची सर्वांत मोठी किंमत मदत घेणारा मोजतो.

परदेशातील अनुभव

पोप फ्रान्सिस १६ एप्रिल २०१६ रोजी ग्रीसच्या लेस्बॉस बेटावरील छावणीला भेट देऊन परतताना तीन सीरियन कुटुंबांना आपल्या विमानातून रोमला घेऊन आले. बाराही जण मुस्लीम होते. रोममधील 'सांत एजिदियो' या कॅथलिक समुदायाने त्यांची व्यवस्था पाहिली. या समुदायाने इटलीतील प्रॉटेस्टंट चर्चच्या साथीने त्याच वर्षीच्या फेब्रुवारीपासून लेबनॉनमधील सीरियन निर्वासितांना सरकारच्या संमतीने विमानाने आणण्याची योजना सुरू केली होती. पुढे १ डिसेंबर २०१७ रोजी ढाक्यात पोप यांनी १६ रोहिंग्यांची भेट घेतली आणि त्यांच्यापुढे क्षमा मागितली. त्याआधीच्या म्यानमार भेटीत त्यांनी 'रोहिंग्या' हा शब्द टाळला होता. तेथील मूठभर ख्रिस्ती लोकांच्या सुरक्षिततेसाठी स्थानिक चर्चनेच तशी विनंती केली होती. कॉक्स बाजारच्या छावण्यांत 'कारितास बांगलादेश' निवारा, पाणी व स्वच्छतेचे काम करते.

जर्मनीत निराळा प्रश्न उभा राहिला. बर्लिनच्या श्टेग्लिट्झ भागातील एका लुथरन चर्चमध्ये शेकडो इराणी व अफगाण आश्रयार्थींनी बाप्तिस्मा घेतला. हे धर्मांतर श्रद्धेपोटी की आश्रय मिळावा म्हणून, याची तपासणी अधिकाऱ्यांना करावी लागली. बायबलविषयी प्रश्न विचारून श्रद्धा मोजण्याचा हा प्रकार चर्चलाही रुचला नाही.

जे स्वतःहून धर्म बदलतात

मदत देताना धर्मप्रचार नको, हा नियम मान्य केला तरी एक गट त्यात बसत नाही. काही अफगाण आपल्या देशात गुप्तपणे ख्रिस्ती झाले आणि त्याच कारणाने त्यांना पळून यावे लागले. काबूलमध्ये मार्च २००६ मध्ये अब्दुल रहमान या इसमावर धर्मत्यागाबद्दल खटला चालला. मृत्युदंडाची शक्यता दिसताच आंतरराष्ट्रीय दबाव वाढला, त्याची सुटका झाली आणि इटलीने त्याला आश्रय दिला. त्यानंतरच्या काळात दिल्लीतही अफगाण ख्रिस्तींची लहान मंडळी तयार झाली. दरी भाषेत प्रार्थना करणारे हे लोक दोन्हीकडून एकाकी आहेत. अफगाण शेजारी त्यांना धर्मभ्रष्ट समजतात आणि भारतीय चर्च त्यांच्याशी जाहीर संबंध ठेवण्यास कचरते.

२०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने या गटाभोवतीचा संशय वाढवला. अफगाणिस्तान, पाकिस्तान व बांगलादेशातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती स्थलांतरितांना या कायद्याने नागरिकत्वाचा मार्ग खुला केला, मुस्लिमांना वगळले. नियम ११ मार्च २०२४ रोजी जारी झाले. सप्टेंबर २०२५ च्या एका आदेशाने याच सहा समुदायांतील, ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत वैध कागदपत्रांविना आलेल्यांना नव्या कायद्यातील कारवाईपासून सूट दिली. म्हणजे एकाच गल्लीत राहणाऱ्या दोन अफगाण कुटुंबांपैकी ख्रिस्ती कुटुंबाला ही सूट लागू होऊ शकते, मुस्लीम कुटुंबाला नाही. नागरिकत्वासाठी अफगाण व रोहिंग्या मुस्लीम ख्रिस्ती होत असल्याच्या बातम्या २०२० साली प्रसिद्ध झाल्या होत्या. रोहिंग्यांच्या बाबतीत या तर्काला आधार नाही. म्यानमार हा देश मुळात या कायद्याच्या यादीतच नाही. तेथून आलेल्या माणसाने कोणताही धर्म स्वीकारला तरी ही तरतूद त्याला लागू होत नाही.